स्कॅन चालावं म्हणून आपण अजून १९८३ चा दरवाजा उघडा ठेवलाय

२७ जून २०१७. न्हावा शेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल अचानक ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, माणसं कामावर होती. पण कुठला कंटेनर कुठे आहे आणि कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी सिस्टिमच बंद पडली होती. बंदरात दिवसरात्र कंटेनर येत-जात असतात. ते काम हाताने करायची वेळ आली आणि माल तुंबू लागला.

हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी. हल्ला उरणवर नव्हताच, तो सुरू झाला युक्रेनमध्ये. तिथल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा मालवेअर सुटला आणि मर्स्कच्या नेटवर्कवरून जगभर पसरला. कंपनीला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आता यात आपल्या कामाचा भाग. नॉटपेट्याला एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उडी मारायला जे रस्ते होते, त्यातला एक होता 'एसएमबी व्हर्जन वन'.

एसएमबी म्हणजे नेटवर्कवरची एकमेकांची फाइल किंवा प्रिंटर वापरण्यासाठी कॉम्प्युटर जी भाषा बोलतात ती. तिचा जन्म १९८३ चा, आयबीएममध्ये. तेव्हा ऑफिसातले चार कॉम्प्युटर एकमेकांना ओळखायचे आणि बाहेरचं कोणी येईल ही भीतीच नव्हती. विंडोज व्हिस्टासोबत मायक्रोसॉफ्टने तिची नवी आवृत्ती आणली. पण जुनी काढली नाही, कारण कुणाकडे तरी जुनं मशीन असणारच! सप्टेंबर २०१६ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्याच इंजिनिअरने जाहीरपणे लिहिलं की हे वापरणं बंद करा. फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या तारखा बघा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एसएमबीमधलं एक गंभीर भोक बुजवणारा पॅच दिला. एप्रिलमध्ये त्याच भोकातून आत शिरणारं, अमेरिकेच्या एनएसएचं 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार इंटरनेटवर फुटलं. १२ मे ला 'वॉनाक्राय' आला. जून संपता संपता नॉटपेट्या. म्हणजे पॅच हातात असून साडेतीन महिने गेले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसतं एसएमबी वन बंद असतं तर नॉटपेट्या थांबलाच असता, असं नाही. तो कॉम्प्युटरच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्डही चोरायचा आणि ते वापरून पुढे सरकायचा. पण वॉनाक्रायची सगळी मदार याच एका दरवाज्यावर होती. पॅच आणि बंद करणं यातला फरकही इथेच कळतो. पॅच एक माहीत असलेलं भोक बुजवतो. फीचरच काढून टाकलं, की त्यातली अजून कोणालाच न सापडलेली भोकंही जातात.

२०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये हे फीचर हळूहळू आपोआप काढून टाकलं जाऊ लागलं. मग प्रश्न मिटला? नाही, कारण आपल्याकडे झेरॉक्स मशीन आहे.

पेठेतलं छोटं सीए ऑफिस घ्या किंवा कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान. नवा पीसी येतो. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर स्कॅन केलेलं पान पीसीच्या फोल्डरमध्ये जायचं बंद होतं, कारण त्या मशीनला फक्त एसएमबी वन कळतं. मेकॅनिक येतो, एका चौकोनात टिक करतो, रीस्टार्ट मारतो, स्कॅन चालू! तो पैसे घेऊन जातो, टिक तशीच राहते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला बोलावलं होतं स्कॅन चालू करायला. पण त्याच पीसीवर शंभरेक लोकांची पॅनकार्डं पडलेली असतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

यावर उपाय आहेत. बऱ्याच मशीनमध्ये स्कॅन ईमेलवर पाठवायची सोय असते. काहींना फर्मवेअर अपडेट दिलं की नवं एसएमबी कळायला लागतं. काहीच जमत नसेल, तर तेवढं मशीन आणि एक पीसी वेगळ्या राउटरवर ठेवा.

बँकांनाही हे सक्तीनेच करायला लावावं लागलं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी चार वर्षांनंतरही आपल्याकडे कितीतरी एटीएम त्यावरच चालत होते. शेवटी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेने तारखाच ठरवून दिल्या. यूएसबी पोर्ट आणि ऑटोरन ऑगस्टपर्यंत बंद करा, आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर आणा. (त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. पण तो हल्ला बँकेच्या एटीएम स्विच यंत्रणेवर होता. दोन्ही गोष्टी एकात मिसळू नका.)

घरच्या पीसीवर बघायचं असेल तर स्टार्ट मेनूमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा. यादीत 'एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट' दिसेल. टिक असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. काही अडलं तर परत लावता येतं. ऑफिसच्या किंवा लॅबच्या मशीनला मात्र ॲडमिनला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. एक्स्टेंडेड अपडेट घेतले नसतील, तर पुढचं भोक बुजवायला कोणी येणार नाही.

पीसी नाही, फक्त फोन आहे? तुमच्या फोनमध्येही असाच एक म्हातारा बसलाय, टूजी. टूजीमध्ये फोन नेटवर्कला स्वतःची ओळख पटवतो, पण नेटवर्क फोनला पटवत नाही. त्यामुळे कोणीही खोटा टॉवर उभा करून आसपासचे फोन टूजीवर ओढू शकतो आणि बँकेच्या नावाने एसएमएस सोडू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकॉकच्या पोलिसांनी असं यंत्र व्हॅनमध्ये घेऊन फिरणाऱ्याला पकडलं होतं. असे मेसेज कंपनीच्या नेटवर्कमधून जातच नाहीत, मग तिचा स्पॅम फिल्टर तरी काय करणार?

अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये 'अलाऊ टूजी' हा पर्याय असतो, नाव आणि जागा फोनगणिक बदलते. आयफोनमध्ये वेगळं बटण नाही, तिथे लॉकडाउन मोड चालू केला की टूजी बंद होतं. पण त्यासोबत इतरही बऱ्याच गोष्टी बंद होतात, सगळ्यांना ते झेपणार नाही. अँड्रॉइडवर टूजी बंद केलं तरी इमर्जन्सी कॉल लागतो. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल असेल आणि गावाकडे फक्त टूजीची रेंज येत असेल, तर तिथे गेल्यावर तेवढं चालू करा. जिओचं तर टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओवाल्यांनी देशात असेपर्यंत हे बटण चालू ठेवायचं काही कारण नाही.