लॅपटॉप की तवा?

मांडीवर लॅपटॉप घेतला की इस्त्री ठेवल्यासारखं वाटतंय? पंखा असा घोंघावतोय की मीटिंगमध्ये समोरचा विचारतो, ‘पाऊस पडतोय का रे तिकडे?’ १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि अनेकांनी जुन्या मशीनवर लिनक्स चढवलं. आता मशीन तापलं की शिव्या लिनक्सला आणि नजर नव्या लॅपटॉपच्या ईएमआयवर! जरा थांबा.

बहुतेक लॅपटॉपमध्ये पंखा लिनक्स फिरवतच नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप असते, ती तापमान बघून पंखा कमी-जास्त करते. लिनक्सचा संबंध येतो तो उष्णता किती तयार होते याच्याशी. म्हणजे आधी तापतंय काय, ते शोधायचं.

उबुंटूवर ‘एलएम-सेन्सर्स’ इन्स्टॉल करा आणि टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ टाइप करा (इंग्रजीत हं!). इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आपणहून वेग कमी करतो आणि तुमची साधी स्प्रेडशीटही रांगायला लागते. काही काम नसताना ८० दिसत असेल तर गडबड आहे. मग ‘टॉप’ चालवा. बरेचदा चोर निघतो ब्राउझर, कारण व्हिडिओचं काम ग्राफिक्सऐवजी प्रोसेसरच करत बसलेला असतो. सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना, बघा. इंटेलच्या जोडीला एनव्हीडियाचं कार्ड असेल तर ‘प्राइम-सिलेक्ट’ने इंटेलवर या आणि रीस्टार्ट करा. मेल पाठवायला कशाला हवंय ते?

थिंकपॅडवाल्यांची मात्र चैन आहे. ‘थिंकपॅड_एसीपीआय’ मॉड्यूलला ‘फॅन_कंट्रोल=१’ सांगितलं की ‘थिंकफॅन’मधून पंखा खरंच तुमच्या ताब्यात येतो, पातळी ० ते ७. ही सोय मुळात बंद ठेवलेली असते, ती उगाच नाही. शांततेच्या मोहात शून्यावर ठेवून व्हिडिओ एडिटिंगला बसलात, तर मशीन मधेच बंद पडेल, सेव्ह न केलेल्या कामासकट.

हे सगळं करूनही आकडा हलत नाही? मग स्क्रू-ड्रायव्हर काढा. (वॉरंटी असेल तर नको, सर्व्हिस सेंटर गाठा.) आत जाळीवर धुळीची गोधडी साचलेली असेल. हवेचा फवारा मारताना पाती काडीने अडवून धरा, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जायचं. आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर तीही बदलून घ्या.