व्यापार खेळताना एक नियम बदलून बघा

सुट्टी लागली, पाहुणे आले, पाऊस पडला, वाय-फाय गेलं... घरात व्यापारचा डबा निघायला यातलं एक कारण पुरतं. नोटा फाटलेल्या, एक फासा हरवलेला म्हणून लुडोचा उसना घेतलेला, आणि बँक कोणी सांभाळायची यावरून पहिलं भांडण. तुमच्याकडेही थोडंफार असंच असेल ना? दीड तासानंतर काय होणार तेही ठरलेलं असतं. एकाकडे नोटांची चळत, बाकीच्यांचं एकेक करून दिवाळं, आणि सगळ्यात धाकटा भिडू रडवेला. "अरे, खेळच तर आहे!" असं आपण त्याला समजावतो.

पण हा खेळ जिने पहिल्यांदा मांडला तिला नेमकं हेच रडू दाखवायचं होतं, असं सांगितलं तर?

तिचं नाव एलिझाबेथ मॅगी, सगळे तिला लिझी म्हणत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये ती स्टेनोग्राफर होती. वडील वर्तमानपत्रवाले, गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले. त्यांच्यामुळे तिच्या हाती हेन्री जॉर्ज या विचारवंताचं पुस्तक पडलं. जॉर्जचं म्हणणं असं, की जमीन कोणी बनवलेली नाही आणि तिचा भाव एकट्या मालकामुळे वाढत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर, शेजारून मेट्रो गेली की रिकाम्या प्लॉटची किंमत दुप्पट होते. मालकाने काय केलं? काहीच नाही, नुसता प्लॉट धरून बसला. मग त्या वाढीव किमतीतला वाटा कराच्या रूपाने सगळ्यांकडे का जाऊ नये?

हे भाषणात सांगितलं की लोक जांभया देतात. लिझीने ते पटावर मांडलं. चौकोनी पट, कडेने घरं, रेल्वे, तुरुंग, आणि दुसऱ्याच्या जागेवर पाय पडला की भाडं. नाव ठेवलं 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. 1903 मध्ये अर्ज केला आणि 5 जानेवारी 1904 ला पेटंट मिळालं. ज्या देशात बाईला राष्ट्रीय पातळीवर मत द्यायचा हक्क अजून सोळा वर्षं दूर होता, तिथे.

(बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हतीच. 1906 मध्ये तिने चक्क जाहिरात देऊन स्वतःला 'गुलाम' म्हणून विकायला काढलं. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या एकट्या बाईची किंमत समाज काय करतो, ते तिला दाखवायचं होतं. आजच्या भाषेत व्हायरल झाली म्हणा.)

आता खरी गंमत. लिझीच्या खेळाला पुढे नियमांचे दोन संच होते. एक आपल्या ओळखीचा: जागा बळकवा, भाडं वसूल करा, बाकीच्यांना धुळीला मिळवा. त्याला ती मक्तेदारीचे नियम म्हणायची. दुसरा होता समृद्धीचा. त्यात जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक तिजोरीत पडायचं, आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत त्याची रक्कम सुरुवातीच्या दुप्पट झाली की डाव जिंकला. एक जण नाही, सगळेच जिंकले.

पट तोच, सोंगट्या त्याच, फासेही तेच. एका डावात शेजारी बुडतो, दुसऱ्यात तो वर आल्याशिवाय तुम्ही जिंकतच नाही. माणसं बदललेली नसतात, नियम बदललेला असतो. लिझीला एवढंच दाखवायचं होतं. भाडं आणि दिवाळं या आभाळातून पडलेल्या गोष्टी नाहीत, माणसांनी लिहिलेल्या आहेत, म्हणजे त्या खोडून पुन्हा लिहिताही येतात. दहा वर्षांच्या मुलालाही हे अर्ध्या तासात कळतं.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत असेल. हाताने रंगवलेले पट घरोघरी, कॉलेजांत फिरले. लोकांनी आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. तीसच्या दशकातल्या मंदीत चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाने असाच एक पट पाहिला आणि तो आपला म्हणून पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला. 1935 मध्ये 'मोनोपॉली' बाजारात आली आणि डॅरो करोडपती झाला. लिझीचं पेटंट कंपनीने विकत घेतलं, किंमत 500 डॉलर, पुढच्या विक्रीवर एक पैसाही नाही. समृद्धीचे नियम गळून पडले. मक्तेदारीवर टीका करणारा खेळ स्वतःच एका कंपनीची मक्तेदारी झाला. रडीचा डाव म्हणतात तो हाच.

लिझीचं नाव जगापुढे आलं तेही योगायोगानेच. सॅन फ्रान्सिस्कोतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अॅन्सपाक यांनी 1973 मध्ये 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला, कंपनीशी कोर्टबाजी सुरू झाली, आणि पुरावे शोधता शोधता त्यांच्या हाती तिचं जुनं पेटंट लागलं. तोवर तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

मग लिझी हरली का? मला पूर्ण तसं वाटत नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. दुसऱ्याचं दिवाळं काढण्यात मजा आहे. समृद्धीच्या डावात ती चव नाही. समाज बदलू पाहणाऱ्या बऱ्याच खेळांचं इथेच घोडं अडतं. उपदेश भरपूर, मजा शून्य, आणि डबा कपाटावर. यावर उत्तर निघालंय मात्र. 2008 मध्ये आलेला 'पँडेमिक' बघा. त्यात सगळे भिडू एकत्र येऊन जगभर पसरणाऱ्या चार रोगांशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. शेवटच्या पत्त्यापर्यंत छाती धडधडते आणि कोणालाही बुडवावं लागत नाही.

आणि आपला जुना व्यापारही कामाचा आहे, फक्त थोडा वाकवून. मानसशास्त्रज्ञ पॉल पिफ यांनी अनोळखी लोकांच्या जोड्यांना मोनोपॉली खेळायला बसवलं. नाणं उडवून एकाला 'श्रीमंत' ठरवलं: त्याला दुप्पट पैसे, दुप्पट पगार आणि दोन फासे. दुसऱ्याला एकच फासा. थोड्याच वेळात श्रीमंत भिडू सोंगटी जोरात आपटू लागले, बाजूच्या वाडग्यातला खाऊ जास्त खाऊ लागले, समोरच्याशी तोऱ्यात बोलू लागले. सगळ्यात बोलकं शेवटी. कसे जिंकलात असं विचारल्यावर त्यांनी आपल्या चाली सांगितल्या. त्या उडवलेल्या नाण्याची आठवण फारशी कोणाला नव्हती.

हे घरी करून बघता येतं. पहिला डाव नेहमीसारखा खेळा. दुसऱ्यात भाडं पटाच्या मधल्या वाटीत टाका. फेरी पूर्ण झाली की ती वाटी सगळ्यांत सारखी वाटा, आणि सगळ्यात गरीब भिडूचे पैसे दुप्पट झाले की डाव संपवा. हा लिझीचा हुबेहूब नियम नाही, घरगुती अवतार आहे. तिसरा डाव पिफ पद्धतीचा, पंधरा मिनिटं पुरे. मग भूमिका बदला आणि मुलांना एवढंच विचारा, की आधी कसं वाटत होतं. उत्तरं तुम्ही देऊ नका. आमच्याकडे या प्रश्नावरून गप्पा थेट वर्गात पहिल्या बाकावर कोणाला बसवतात आणि घरकाम कोणाच्या वाट्याला येतं इथवर पोचल्या होत्या. त्याला माझा इलाज नव्हता.

एक सूचना तेवढी पाळा. अर्धे पैसे आणि एकच फासा धाकट्याला देऊ नका, घरात ज्यांचा शब्द शेवटचा असतो त्यांना द्या. आणि चिवड्याचा वाडगा मधोमध ठेवा, कोण किती खातंय ते दिसतं.