काम चालू, रस्ता बंद

पुण्यात कुणालाही "उशीर का झाला?" असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं. "मेट्रोचं काम चालू आहे ना!" हे उत्तर इतकं खपतं की सगळी कामं संपल्यावर आपण काय सांगणार, याची मला आत्तापासून काळजी वाटते.

आधीच सांगते, मी मेट्रोच्या विरोधात नाही. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज गाडी धावली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून स्वारगेटला पोचली, आणि याचा फायदा आपल्यासारख्या बिनगाडीवाल्या हॉस्टेलाईट्सना झालाच. प्रश्न वेगळा आहे. बांधकामाची जी मधली वर्षं असतात, ती नेमकी कुणाच्या हिशेबात असतात?

विद्यापीठ चौकच घ्या. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी तिथले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडायला घेतले. कोरोनाचे दिवस, रस्ते ओस, म्हणजे पाडायला मुहूर्त उत्तम! पण पाडणं हे अर्धंच काम. मेट्रोचं काम प्रत्यक्ष सुरू व्हायला २०२१ संपत आलं, तोवर लॉकडाऊन उठून गाड्या पुन्हा रस्त्यावर हजर. मोकळ्या रस्त्याचा फायदा पाडण्यापुरताच मिळाला, बांधायला नाही. नव्या दुमजली पुलाची एक बाजू खुली झाली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. म्हणजे २०२१ ला फर्स्ट इयरला आलेली बॅच सबमिशनं, केट्या, प्लेसमेंट सगळं उरकून बाहेर पडली, पण त्या चौकात तिला पूल काही बघायला मिळाला नाही.

याच्या उलट चांदणी चौक. तिथला जुना पूल १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. (पूर्ण पडलाच नाही तो, आतल्या स्टीलने चांगलाच दम काढला आणि उरलेलं मशीनने पाडावं लागलं. आमच्या स्ट्रक्चरच्या लेक्चरला हा किस्सा हमखास निघतो.) पण मला कौतुक पुलाचं नाही. हायवे किती वाजता बंद, जड वाहनं कुठे थांबवायची, कुठून वळवायची, हे सगळं आधी जाहीर झालं होतं. एका रात्रीचा त्रास, दुसऱ्या दिवशी सकाळी वाहतूक सुरू, आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या चौकाचं उद्घाटन. एका रात्रीसाठी तासातासाचा हिशेब करता येतो, मग पाच वर्षांसाठी का नाही?

आपण पर्ट-सीपीएम शिकतो. प्रत्येक ॲक्टिव्हिटीला वेळ, प्रत्येक वेळेला पैसा. पण त्या नेटवर्कमध्ये बसमध्ये ताटकळणाऱ्या माणसाची पाऊण तासाची किंमत कुठेच नसते. कारण ती कॉन्ट्रॅक्टरला भरावी लागत नाही, आपण भरतो! लंडनमध्ये २०१२ पासून मुख्य रस्त्यांवर 'लेन रेंटल' आहे. गर्दीच्या वेळी रस्ता अडवून खोदकाम केलं की भाडं भरा, योजना सुरू झाली तेव्हा दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत. रात्री काम केलं तर भाडं वाचतं. आपल्याकडे असं भाडं लावलं तर जिथे आत चिटपाखरू नाही आणि बाहेर फक्त पत्रे उभे आहेत, ते पत्रे आठवड्यात निघतील, मी पैजेवर सांगते.

नियम नाहीत असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी-५५ हे पुस्तक याच विषयावर आहे. आधी सूचना देणारा टप्पा, मग गाड्या हळूहळू एका बाजूला नेणारा टप्पा, मग कामाचा भाग, मग परत मूळ रस्त्यावर सोडणारा टप्पा. पायी चालणाऱ्यांसाठी वाट ठेवा, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात बोर्ड दिसतो तेव्हा आपण खड्ड्याच्या तोंडाशी असतो आणि फुटपाथ तर आधीच पत्र्याआड गेलेला. बसस्टॉपची तर वेगळीच गंमत. मागच्या सेमला आमचा स्टॉप एका रात्रीत पुढे सरकला, जुन्या खांबावर साधी चिठ्ठीसुद्धा नाही. पन्नास-साठ माणसं नेणारी बस वळसा घालून येते आणि एकेकटा माणूस नेणारी कार सरळ जाते, हे गणित उलटं मांडलेलं आहे. अरुंद झालेल्या रस्त्यावर आधी बसला जागा द्यायला हवी, उरली तर बाकीच्यांना.

आता जरा घरचं बोलू, स्टाफने रागावू नये. आपलं कॉलेज, शेजारची शाळा आणि रस्त्यापलीकडची ऑफिसं साधारण एकाच वेळी उघडतात. पहिलं लेक्चर अर्धा तास पुढे-मागे करायला ना टेंडर लागतं, ना भूमिपूजन. पण "पोरांना उठायचा कंटाळा" असं उत्तर मिळू नये म्हणून हातात आकडे हवेत. सिव्हिलच्या टीईला ट्रॅफिक काउंटचं प्रॅक्टिकल असतंच. ते कॅम्पसच्या आत सायकली मोजून उरकण्याऐवजी यंदा मेन गेटबाहेर करू. एक आठवडा, सकाळी आठ ते अकरा, दर पंधरा मिनिटांनी नोंद. दुचाकी, रिक्षा, कार, बस आणि पायी चालणारे, पाच रकाने. नोंदवह्या मी आणते. चहाचं तेवढं मेस सेक्रेटरींनी बघावं.