वानरांचा सूड आणि आपली कुत्री

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव जगभरच्या बातम्यांत झळकलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं पळवतात, उंचावरून खाली टाकतात, आतापर्यंत अडीचशे मारली, आणि हा सगळा सूड आहे, कारण कुत्र्यांनी आधी वानराचं एक पिल्लू मारलं होतं, अशी ती बातमी. नागपूरहून वनविभागाचं पथक आलं, त्यानं दोन वानरं पकडून नेली आणि विषय मिटला. बीडबाहेरच्या माणसाला आज लवूळ आठवत असेल, तर या सुडामुळंच.

ही सुडाची गोष्ट मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. वानर हा पाला, कोंब, शेंगा, फळं खाणारा प्राणी. कुत्र्याचं पिल्लू त्याचं भक्ष्य नव्हे. एखादं वानर पिल्लू उचलतं, छातीशी धरून झाडावर किंवा पत्र्यावर नेतं, त्याच्या अंगातल्या पिसवा वेचतं आणि मन उडालं की तिथंच सोडून जातं. पिल्लाला उतरता येत नाही, आईचं दूध तुटतं. मग ते भुकेनं, उन्हानं नाहीतर खाली पडून मरतं. पिल्लं मेली हे खरं, गावकऱ्यांची धास्तीही खरी. पण या मृत्यूंना सुडाचं नाव दिलं की पुढं काही विचारायचं उरत नाही, आणि माझा आक्षेप तिथंच आहे.

अडीचशेचा आकडा घटकाभर खरा धरू. मग वानरं नसतात तिथं किती पिल्लं मरतात? कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांवर नजर ठेवली. ३६४ पिल्लं होती. सातव्या महिन्यात ६९ उरली. हा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंत या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. म्हणजे पाचातली चार पिल्लं कोणत्याही वानराशिवाय जातात, आणि त्याची बातमी होत नाही.

लवूळची वेळही लक्षात घ्या. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक करून पावसाळा सरता माजावर येतात आणि हिवाळ्यात वितात. नेमक्या त्याच दिवसांत, दसरा-दिवाळी झाली की, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. घरांना कुलपं लागतात. काही कुत्री ट्रॅक्टरच्या मागं पळत फाट्यापर्यंत जातात नि परत येतात. ज्या दारात रोज अर्धी भाकर मिळायची ते दार मार्च-एप्रिलपर्यंत बंद. पोटाला काही नाही आणि अंगावर पाच-सहा पिल्लं, अशी ती ओली कुत्री गावभर हिंडते. पिल्लं उघड्यावर राहतात ती अशी.

आता पिल्लांकडं दुर्लक्ष होतं त्यामागच्या मूळ समजुतीकडं येतो. "गावठी कुत्र्याला काही लागत नाही. बापजाद्यांच्या काळापासून कुत्री आहेत, कोणी त्यांना सुया टोचल्या?" गावात दहाजणांना विचारा, नऊजण हेच सांगतील. यात तथ्याचा अंश आहे, तो मान्य करतो. मराठवाड्याचं ऊन, कोरडं अन्न, आखाड्यावरची राखण हे सगळं आपलं गावठी कुत्रं विलायती जातीपेक्षा चांगलं सोसतं. पण आपल्याला दिसतं ते जगलेलं कुत्रं. त्याच्याबरोबर जन्मलेली चार भावंडं उकिरड्यावर गेली, ती कोणी मोजली नाहीत. जगलेल्या एकाकडं बोट दाखवून "काही लागत नाही" म्हणणं हा पुरावा होत नाही.

ती चार कशानं जातात? बऱ्याचदा पार्व्होनं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू सकाळी खात नाही, दुपारी ओकतं, रात्री रक्ताची हगवण लागते आणि तिचा उग्र वास अंगणभर पसरतो. आपण म्हणतो, गॅस्ट्रो झाला, नाहीतर नजर लागली. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. म्हणून एक पिल्लू गेलं की आठवड्यात दुसरं आणणारा माणूस त्यालाही त्याच मरणाच्या जागी बांधतो, आणि तेही गेलं की म्हणतो, "आमच्या दारात कुत्रं लाभत नाही." लाभत नाही असं काही नसतं. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, एवढं झालं की त्या दारात कुत्रं लाभतं. जुनी जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण लस झालेली नसेल तर नवं पिल्लू काही महिने तिथं आणू नका.

याच लसीत डिस्टेंपरवरचंही संरक्षण असतं. या रोगात आधी डोळ्या-नाकातून चिकट पू येतो, खोकला येतो. पुढं डोक्याचे किंवा पायाचे स्नायू उडू लागतात, झटके येतात, तोंडाला फेस येतो. फेस दिसला की गाव काठ्या घेऊन निघतं. असं कितीतरी आजारी कुत्रं पिसाळलेलं समजून मारलं जातं. आणि जे खरोखर पिसाळलेलं असतं ते बऱ्याचदा ओळखूच येत नाही.

कारण पिसाळण्याबद्दलची आपली समजूतच उलटी आहे. "पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, आमचं तर पाणी पितंय, म्हणजे ठीक आहे." पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसाचं लक्षण. कुत्रं पाणी प्यायला जातं, पुष्कळदा गिळता येत नाही म्हणून भांड्यात तोंड घालून धडपडत राहतं. सगळी पिसाळलेली कुत्री धावत सुटत नाहीत. काही गप्प होतात, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडतात, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो आणि लाळ गळू लागते. घरधन्याला वाटतं, घशात हाडूक अडकलं. तो मायेनं जबडा फाकवतो आणि हात आत घालतो. हाताला एखादी चीर असली तर त्या लाळेतून विषाणू थेट अंगात जातो. लोंबणारा जबडा दिसला तर हात घालू नका, लेकरांना लांब ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

चावा बसला तर काय? "तिखट भरा, चुना लावा, गुळातून झाडपाला द्या." यातल्या कशानंही विषाणू मरत नाही, तिखट-चुन्यानं जखम चिघळते आणि वेळ जातो. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. मग लगेच सरकारी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याची धास्ती अजून म्हाताऱ्या माणसांच्या मनात आहे. ती जुनी लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता कातडीत टोचायची लस दंडात देतात: पहिला डोस लगेच, मग त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालेली जखम असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते मागून घ्या.

"चावलेलं कुत्रं आधी मारून टाका," हा सल्ला तर फारच महागात पडतो. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो मरणाआधी मोजकेच दिवस. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं धडधाकट जगलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता हे नक्की. तेच कुत्रं पहिल्या दिवशी मारलंत तर ही माहिती कायमची गेली. कुत्रं बंदोबस्तात ठेवा, लांबून खाऊपिऊ घाला, लक्ष ठेवा. माणसाची लस मात्र या दहा दिवसांसाठी थांबवू नका. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही.

घरगुती उपायांचं प्रकरण वेगळं आहे, कारण ते प्रेमापोटी होतात. खरूज झाली म्हणून इंजिनचं जळकं ऑईल चोपडतात. कुत्रं ते चाटतं आणि ते पोटात जातं. गोचीड झाले म्हणून कपाशीवर फवारायचं औषध अंगावर ओततात. तासाभरात कुत्रं लाळ गाळतं, थरथरतं, धापा टाकतं आणि मरतं. मग म्हणतात, गोचिडांनीच खाल्लं. लंगडतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅकची, आयबुप्रोफेनची किंवा पॅरासिटामॉलची गोळी भाकरीत घालतात. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना पहिल्या दोन गोळ्या, तर यकृताला तिसरी फार लवकर नासवते. असले उपाय करण्याऐवजी कुत्र्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी असायला हवी. पांढरी पडली असेल तर गोचिडांनी रक्त शोषलंय किंवा त्यांच्यापासून होणारा ताप रक्तात भिनलाय, आणि हे दुखणं डॉक्टरांचं आहे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली रोज हात फिरवा. गोचीड तिथं दडतात. नाक कोरडं म्हणजे ताप आणि ओलं म्हणजे बरं, हा हिशेब सोडून द्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. ज्वारीची भाकर वाईट नाही, पण नुसत्या भाकरीवर पिल्लाची हाडं भरत नाहीत. उकडलेलं अंडं, वरण, दही, शिजवलेलं मांस यांतलं काहीतरी रोज हवं. कांदा-लसणाचा रस्सा नको, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडं नकोत, ती मोडून आतड्यात टोचतात. नामदेव महाराज कोरडी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा सप्ताहात आपण दरवर्षी मान डोलावत ऐकतो. ती दारातल्या कुत्र्यालाही लागू आहे.

स्वभावाबद्दलही अशाच समजुती आहेत. "बांधून ठेवलं, कान कापले की कुत्रं तिखट होतं." तिखट होत नाही, भेदरतं. दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, म्हणून ते जवळ येणाऱ्या प्रत्येकाला चावायला धावतं; त्यात शेजारचं लेकरूही आलं. कान कापणं हा तर कायद्यानं गुन्हा आहे. राखण करणारं कुत्रं घडतं ते पहिल्या तीन-चार महिन्यांत माणसं, गुरं, गाड्या शांतपणे पाहिल्यानं आणि घरच्यांचा हात ओळखल्यानं. आणि मादी पिल्लं पोत्यात घालून पुढच्या गावच्या शिवारात सोडून देणाऱ्यांना एवढंच सांगतो: ती वर्षभरात वितात. नसबंदीची शस्त्रक्रिया करण्याआधी एक वेत झालंच पाहिजे, याला वैद्यकीय आधार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. "ढोरांच्या दवाखान्यात कुत्र्याकडं बघायला वेळ कुणाला आहे?" दवाखाने गाई-म्हशींसाठी उभे राहिले, माणसं कमी पडतात, हे खरं आहे. पण पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं की बैलाला चावतं, गाभण म्हशीला चावतं, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्या जनावरावरही इलाज नाही. कुत्र्याला टोचलेली लस म्हणजे गोठ्याचीच राखण आहे, आणि पशुसंवर्धन खात्याकडं ती हक्कानं मागता येते. नसबंदीची जबाबदारी तर २०२३च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे, त्यात पंचायती आल्या.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २८ सप्टेंबर हा रेबीज दिन टोळ्या निघण्याच्या थोडा आधी येतो. तेव्हा प्रत्येक कुत्र्याला धरणारा, नावानं हाक मारणारा माणूस गावात असतो. दिवाळीनंतर तो नसतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हात वर करा, सप्टेंबरअखेरच्या एका दिवसाचं लसीकरण शिबिर ठरावात लिहून घ्या, आणि तो ठराव पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडं स्वतः नेऊन द्या.