गाडी गेली तरी वाट ठेवा!

अर्नाळा, आगाशी, विरार आणि सर्व वसईकरांना जाहीर विनंती



अर्नाळ्यात रेल्वे नाही. विरार स्टेशन गाठायचे तर एसटी, नाहीतर रिक्षा. मग रेल्वेच्या निकामी पुलांवर पत्रक अर्नाळ्यात कशाला, असे कोणी विचारील. कारण आपण दोन खाड्यांच्या मध्ये राहतो. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. या दोन्ही खाड्यांत बेटावर राहणारी माणसे आजही जीव मुठीत धरून रेल्वेच्या पुलावरून चालतात, आणि कायद्याने ती गुन्हेगार ठरतात.

वैतरणेच्या खाडीतले वाढीव गाव घ्या. वैतरणा किंवा सफाळे स्टेशन गाठायला तिथल्या लोकांना ९२ आणि ९३ क्रमांकाच्या रेल्वे पुलांवरून जावे लागते. शाळेची मुले, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, डोक्यावर बोजा घेतलेल्या बाया, सगळ्यांची वाट तीच. पायाखाली अरुंद पट्टी, फटीतून दिसणारे खाडीचे पाणी, पावसाळ्यात वारा. मागून गाडीचा भोंगा आला की कठड्याला अंग चिकटवायचे आणि डबे संपेपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे. पुलावर माणसे मेलेली आहेत. तरी दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा त्याच पुलावर, कारण जाणार कुठून?

दक्षिणेला पाणजूची तीच गत. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या या बेटावरच्या एका रहिवाशाचा सप्टेंबर २०२५ मध्ये पुलावरून चालताना मृत्यू झाला. धावत्या लोकलमधून कोणीतरी खाडीत टाकण्यासाठी भिरकावलेला नारळ त्याच्या डोक्यात बसला. नारळ फेकणाऱ्यावर आपण सगळे संतापलो, ते योग्यच होते. पण माणसाला चालायला रुळाच्या कडेची जागा सोडून दुसरी जागाच का नव्हती, हा प्रश्न आठवडाभरात विरला.

आता मुद्द्यावर येऊ. वसईच्या याच खाडीवर जुना रेल्वे पूल होता. नव्या पुलावरून गाड्या धावू लागल्या आणि जुना रिकामा झाला. त्यावरून हलकी वाहने सोडा, निदान पायी चालू द्या, ही मागणी वसईकरांनी वर्षानुवर्षे केली. उत्तर मिळाले की पूल गंजला आहे, धोकादायक आहे. पूल गंजला असेल, खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजणारच. पण ते एका रात्रीत गंजत नाही. मागणीचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत असताना बंद पुलाला रंगाचा हात कोण देणार? अख्ख्या गाडीचा भार पेलायला बांधलेल्या पुलाला सायकली आणि माणसांचे ओझे ते किती! वेळेवर हात घातला असता तर नायगाव ते भाईंदर ही पायवाट आज असती आणि पाणजूला उतरायला जिना असता. आज सायकलवाल्याला भाईंदरहून वसईत यायचे तर घोडबंदरचा वळसा घालून हायवेच्या ट्रकांमधून वर्सोवा पूल ओलांडायचा, किंवा २०२४ पासून सुरू झालेल्या रो-रो बोटीची वेळ सांभाळायची.

रिकाम्या लोहमार्गाचे आपण काय करतो, याचा जुना नमुना मुंबईतच आहे. अंधेरीहून ट्रॉम्बेकडे जाणारी एक लाईन १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. सेंट्रल साल्सेट ट्रामवे तिचे नाव. कलिना-कुर्ल्याकडचा सीएसटी रोड म्हणतात तो याच लाईनच्या नावाचा. पुष्कळांना वाटते, ती अक्षरे शिवाजी टर्मिनसची आहेत! रूळ गेले आणि उरले गॅरेज, भंगाराची दुकाने आणि ट्रॅफिक. चालणाऱ्याला त्या रस्त्यावर आज धड फुटपाथ सापडेल तर शपथ.

जगात हे वेगळ्या रीतीने झाले आहे. अमेरिकेत १९८३ साली कायदा करून बंद लाईनची जमीन सलग राखायची सोय केली. गाडी बंद झाली तरी पट्टा तुकडे पाडून विकायचा नाही, त्यावर लोकांनी चालावे, सायकल चालवावी. उद्या रेल्वेला गरज पडली तर पट्टा परत द्यायचा. व्हर्जिनियातली एक लाईन १९६८ मध्ये बंद झाली. तिच्यावर आज सुमारे ७२ किलोमीटरची सलग पायवाट आहे, आणि त्या भागात राहणारी आपली मराठी मुले रविवारी पोरांना घेऊन तिथे सायकली हाकतात. न्यूयॉर्कच्या हाय लाईनवर शेवटची मालगाडी १९८० मध्ये गेली आणि २००९ मध्ये तिथे बाग उघडली. रेल्वेची वाट चालायला मुळातच सोयीची. इंजिनाला उभा चढ झेपत नाही म्हणून चढ सौम्य, वळणे मोठी, आणि रस्त्यांचे छेद कमी. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यालाही चालता येईल अशी.

यावर विदर्भातला माणूस बोट दाखवील. त्याची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज गाडी, बंद पडली. त्याला बाग नको, गाडी हवी. रास्त आहे. तिथे ब्रॉडगेजच व्हायला हवी आणि मी त्याच्याच बाजूचा आहे. पण पायवाट ही गाडीची सवत नव्हे. गाडी येईपर्यंत पट्टा सलग राहिला, त्यावर कोणी इमला चढवला नाही, तर गाडी परत येण्याची आशा राहते. रेल्वेची रिकामी जमीन पैशात बदलायला केंद्राने रेल भूमी विकास प्राधिकरण नेमलेच आहे. तिथे पायी चालणाऱ्याच्या बाजूने बोलणारा कोण?

म्हणून मागणे थोडक्यात. नायगाव-भाईंदर रस्त्याचा पूल एमएमआरडीएच्या कागदांवर बरीच वर्षे आहे. तो होईल तेव्हा त्यात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी, कठड्याची पट्टी असलीच पाहिजे आणि पाणजूला उतार असला पाहिजे. विरार-डहाणू चौपदरीकरणात वैतरणेवर नवे पूल होत आहेत. त्यांच्या बाजूला वाढीवच्या लोकांसाठी जाळीबंद पादचारी मार्ग द्या. आणि जुना पूल किंवा जुनी लाईन रिकामी होईल तेव्हा भंगाराची निविदा निघण्याआधी तो पूल किती भार पेलतो याची तपासणी करून अहवाल गावांपुढे ठेवा. शेवटची मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात नकोशी, कारण तिच्यात उत्तर द्यावे लागते.

पायवाट आणि सायकलची वाट ही पर्यटकांची चैन आहे, असे म्हणणारे अर्नाळ्यातही निघतील. रविवारी किनाऱ्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अडकलेल्या मासळीच्या टेम्पोवाल्याला एकदा विचारा. शंभर पाहुणे मोटारीऐवजी सायकलने आले, तर सगळ्यात आधी त्याचाच रस्ता मोकळा होईल.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, ठरावाची मागणी करा आणि ठरावाची प्रत खासदार, आमदार व पश्चिम रेल्वेला पाठवा. वाढीव आणि पाणजूच्या लोकांना एकटे लढू देऊ नका. पत्रक वाचून झाले की फेकू नका, शेजारच्याच्या हातात द्या.

अर्नाळ्याचा एक रहिवासी