मामा, थांबा ना!

दोस्तांनो,

मिरगाचा पहिला पाऊस आला की काय काय होतं, सांगा बरं? मातीचा वास सुटतो, रात्री बेडकांची शाळा भरते, नव्या पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर चढतं आणि घरातली मोठी माणसं बी-बियाण्याच्या दुकानाकडे पळतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात आणखी एक गोष्ट होते. डांबरी रस्ता काळा असतो तो आणखी काळा होतो. ती कशानं, हे मला माहीत असायला हवं होतं, कारण माझा जन्मच इथला. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फार अंतर असतं बरं का!

ही गोष्ट २०१८ च्या जून महिन्यातली. मी वसमतला ताईकडे गेलो होतो. भाच्याला सोबत घेऊन मोटारसायकलवर हिंगोलीला परतायचं होतं. भाचा तेव्हा पाचवीत. शाळा सुरू व्हायला चार दिवस बाकी, म्हणून स्वारी मामाकडे राहायला निघालेली. वसमतहून शिरड शहापूर, मग औंढा नागनाथ आणि पुढे हिंगोली, असा आमचा रस्ता. आभाळ भरून आलेलं. ताई म्हणाली, "उद्या सकाळी जा." मी म्हणालो, "अंधाराच्या आत पोचतो."

घरात हेल्मेट एकच होतं. ते अर्थातच गाडी चालवणाऱ्या मामानं घातलं. ताईनं हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. भाच्याच्या डोक्याला तिनं दस्ती बांधली, लेकराचं डोकं भिजू नये म्हणून. दस्ती म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल. ती निळी दस्ती मला अजून दिसते.

शिरड शहापूर जवळ आलं तसे टपोरे थेंब सुरू झाले. रस्त्याच्या कडेला एसटीचा निवारा होता. आत दोन म्हातारबाबा निवांत बसलेले. भाच्यानं माझ्या पाठीवर टकटक केलं आणि म्हणाला, "मामा, थांबा ना! पाऊस जाऊ द्या."

मी काय म्हणालो असेन? तुमच्याही घरी हे वाक्य ऐकू येत असणार. "अरे, पाच मिनिटांत औंढा येतं!"

औंढा काही पाच मिनिटांत येत नव्हतं. हे त्यालाही कळत होतं. पण पाचवीतलं पोर मामाला किती वेळा सांगणार? गप्प बसलं.

पुढं एका वळणावर शेतातून ट्रॅक्टर नुकताच रस्त्यावर चढून गेला होता. त्याच्या चाकांचे काळे गोळे रस्ताभर पडलेले. पलीकडे एक बैलगाडी. मी दचकलो आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. दोस्तांनो, त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पुढचं चाक पायाखालची सतरंजी ओढावी तसं निघून गेलं. कानाशी खर्रर्र असा आवाज झाला. तो माझ्या हेल्मेटचा होता. मी डांबरावर घासत चाललो होतो आणि मनात एकच विचार होता, मागचा कुठं आहे?

मागचा रस्त्याकडेच्या चिखलात पडला होता. दस्ती कुठल्या कुठे उडालेली. त्याच्या डोक्यापासून जेमतेम दोन वितींवर किलोमीटरचा दगड होता.

आता गोष्ट इथं थोडी थांबवतो. तो वाचला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. माझं मनगट मोडलं. पण आधी हे बघू, की गाडी पडली का?

भूगोलात तुम्ही रेगूर मृदा पाठ केली असेल. काळी, कापसाला चांगली, पाणी धरून ठेवणारी. परीक्षेला तेवढं पुरतं. या मातीचे कण इतके बारीक असतात की पाणी पिऊन त्या फुगतात आणि एकमेकांवरून सरकू लागतात. शेतात हा गुण सोन्याचा. तीच माती डांबरावर पातळ पसरली की साबण लावल्यासारखी होते. त्यात पहिला पाऊस सगळ्यात लबाड. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल, धूळ, टायरांच्या रबराचा भुगा, हे सारं तो भिजवतो, पण धुऊन नेत नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की रस्ता जरा स्वच्छ होतो. म्हणून जुलैच्या मुसळधारेपेक्षा जूनची भुरभुर कधीकधी जास्त घात करते.

आणि टायर? एवढी मोठी मोटारसायकल, त्यावर दोन माणसं, पण प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते तळहाताएवढ्याच जागेवर! तेवढ्या जागेतून पाणी बाजूला निघावं म्हणून टायरला खाचा असतात. खाचा झिजून टायर गोटा झाला की पाण्याला वाटच उरत नाही. आज घरी गेल्यावर बाबांच्या गाडीच्या टायरवरून बोट फिरवून बघा. गाडी उभी असताना आणि थंड असताना हं!

आता एक हिशोब करू. वही घ्या. माझा वेग होता तासाला ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. झाले १४ मीटर. मग ओल्या डांबरावर, टायर बरे असतील तर, गाडी थांबायला आणखी साधारण २५ मीटर. एकूण ३९. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे एकापुढे एक अशी तीन मैदानं! आता वेग निम्मा करा, २५. पहिल्या सेकंदात ७ मीटर आणि ब्रेक लागल्यावर सुमारे ६. एकूण १३, एकच मैदान. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर निम्मं नाही, पाव होतं. ही गंमत नववी-दहावीतल्या दादा-ताईला विचारा, ते सूत्र मांडून दाखवतील. चिखलावर तर हाही हिशोब चालत नाही, अंतर आणखी वाढतं. तिथं करकचून ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरतं. वेग आधीच कमी हवा आणि दोन्ही ब्रेक हलक्या हातानं हवेत. हे मला दवाखान्यात पडल्या पडल्या छान आठवलं!

माझं हेल्मेट नंतर पाहिलं तर एका बाजूनं कवचाला चीर गेलेली आणि आतला थर्मोकोलसारखा थर चेपलेला. ते चेपणंच महत्त्वाचं. टोमॅटो फरशीवर टाका, फुटेल. तोच कापसाच्या ढिगावर टाका, राहील. (अंडं घेऊ नका, आई मला पत्र लिहील.) कापूस दबतो आणि थांबायला थोडा वेळ देतो. हेल्मेटचा आतला थर हेच काम करतो, पण एकदाच. चेपलेला तो पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा पडलेलं हेल्मेट, वरून चकचकीत दिसलं तरी, टाकून द्यायचं. आणि पट्टा लावला नसेल तर हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

हेल्मेटचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स नावाचा एक प्रसिद्ध माणूस होता, पहिल्या महायुद्धात अरबस्तानात लढलेला. त्याला मोटारसायकलचं भारी वेड. १३ मे १९३५ रोजी सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनातून ते जाईना. त्यांनी लष्कराच्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपल्याकडे कायदा सांगतो, चार वर्षांवरच्या प्रत्येकानं गाडीवर हेल्मेट घालायचं. प्रत्येकानं, म्हणजे मागं बसणाऱ्यानंसुद्धा. माझ्या भाच्यानंसुद्धा.

आता परत त्या वळणावर चला. सरकी टोकून घरी निघालेल्या बायका धावत आल्या. बैलगाडीवाले काका आले. एक जण भाच्याला उचलून बसवायला निघाला, दुसरा पाण्याची बाटली घेऊन आला. माणसं चांगली होती, पण घाई चुकीची होती. एक आजी ओरडल्या, "लेकराला हलवू नका! मान सांभाळा! पाणी नका पाजू!" त्यांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. इतक्यात मागून एसटी आली. चालकानं ती आमच्या अलीकडेच आडवी घेतली, दिवे लुकलुकत ठेवले, म्हणजे मागून येणारं वाहन अंगावर येणार नाही. वाहकानं १०८ ला फोन लावला. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत. आजींनी पदराचा कोरडा भाग भाच्याच्या कपाळावर दाबून धरला, गाडी येईपर्यंत हात काढला नाही.

माझं हेल्मेट एक मुलगा ओढून काढत होता. तेही बरोबर नाही. पडलेल्याला श्वास घेता येत असेल तर हेल्मेट तसंच राहू द्यायचं, मानेला इजा असू शकते. श्वासच अडला असेल तर गोष्ट वेगळी. मग एकानं मान आणि डोकं एका रेषेत धरायचं आणि दुसऱ्यानं सावकाश काढायचं. हे मोठ्यांचं काम. तुमचं काम फोनचं आणि जागा नीट सांगण्याचं. कुठलं गाव मागं गेलं, जवळच्या दगडावर किती आकडा आहे, किती जण पडलेत.

गर्दीत कुणीतरी म्हणालंच, "पोलिसांचं लफडं नको, निघा." पालकहो, हे तुमच्यासाठी. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बजावले आहे आणि २०१९ पासून ते मोटार वाहन कायद्यातही आहे. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर आईबाबांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. "शेतापर्यंतच तर जातो" असं म्हणून चौदा वर्षांच्या पोराच्या हाती किल्ली देणारे काका-बाबा, ऐकताय ना?

दवाखान्यात ताई आली. ती मला काहीच बोलली नाही. तिनं माझं हेल्मेट हातात घेतलं, चीर गेलेली बाजू पाहिली, मग भाच्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि हेल्मेट खाली ठेवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

भाचा आता मोठा झालाय, मिसरूड फुटलंय. त्याच्या मापाचं एक हेल्मेट माझ्या घरी आणि एक ताईकडे आहे. पाऊस आला की तो पाठीवर एकदाच टकटक करतो. बोलत नाही. मी गाडी बाजूला घेतो. झाडाखाली मात्र नाही हं, विजेचं भय असतं. निवारा नाहीतर एखादं पक्कं दुकान गाठतो. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर सरळ माघारी फिरतो. मग पुन्हा जेवणं होतात, ताईच्या हातची भाकरी मिळते, तोटा काहीच नाही.

आता तुमचं काम. तुमच्या घरी गाडीवर बसणारी माणसं किती आणि हेल्मेटं किती, मोजा. दोन्ही आकडे एका पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. आणि हो, मागं बसून तुम्ही कधी "थांबा ना" म्हणालात का, आणि मोठ्यांनी काय उत्तर दिलं, तेही लिहा. अगदी खरं लिहा. नावं छापणार नाही!

तुमचा,
मामा