काटा हलायलाच हवा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पौडजवळ आणि २ ऑक्टोबरला बावधनला हेलिकॉप्टर कोसळलं. तेव्हापासून मुळशीत वर घरघर झाली की माना वळतात आणि कुणीतरी हमखास स्पार्क प्लगच्या बिघाडावर घसरतो. प्लगचा इथे संबंध नाही. ती दोन्ही यंत्रं टर्बाइनची. एकदा पेटली की ज्योत तेवत राहते. दर आवर्तनाला नवी ठिणगी मागणारं पिस्टन इंजिन पाहायचं तर बारामतीच्या विमानतळावर जावं, जिथे मुलं सेसना १५२ वर उडायला शिकत आली आहेत.

त्या इंजिनात ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. इंजिन चुंबक फिरवतं, चुंबक वीज देतो. पिस्टन माथ्यावर पोचायच्या २० अंश आधी ठिणगी पडते, कारण मिश्रण एका झटक्यात नाही, जळत जळत पेटतं. २४०० आरपीएमला या २० अंशांचा वेळ दीड मिलिसेकंदाहूनही कमी. वेगानुसार टायमिंग पुढेमागे करण्याची सोय नाही; २० म्हणजे २०.

दर सिलिंडरला प्लग दोन, मॅग्नेटोही दोन. उड्डाणाआधी १७०० आरपीएमवर चावी फिरवून एकेकाला गप्प करतात. जाळ एकाच बाजूने धावतो, जळायला उशीर होतो, आरपीएमचा काटा उतरतो. १२५ पर्यंतचा उतार चालतो. दोघांतला फरक ५० च्या आत हवा.

आणि काटा हललाच नाही तर? पोरं खूश होतात. मी तिथे विमान थांबवीन. एक तर टायमिंग २० च्या पुढे गेलेलं असू शकतं, नाहीतर मॅग्नेटो बंदच झालेला नाही. जुन्या चेतक स्कूटरचं बंद करायचं बटण आठवा: ते वीज तोडत नसे, मॅग्नेटो अर्थ करत असे. विमानातली चावी तेच करते. ती वायर तुटली तर चावी 'ऑफ'वर असूनही मॅग्नेटो जिवंत. अशा विमानाचा पंखा कुणी सहज हाताने फिरवला, सुरू करताना ठिणगी देणाऱ्या इम्पल्स कपलिंगने 'टक्' केलं आणि सिलिंडरात थोडं पेट्रोल उरलेलं असलं, तर हात जातो, कधी जीवही.

म्हणून नोंदवहीत नुसतं 'मॅग ओके' लिहिणं मला पटत नाही. डाव्याचा उतार किती, उजव्याचा किती, आकडा लिहा. मॅग्नेटोतल्या ब्रेकर पॉइंटची टाच झिजली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. टोकं जळाली की उलट, पुढे सरकतं. दोन्ही हळूहळू होतं, एका दिवसाच्या तपासणीत नजरेला येत नाही. ओळीने लिहिलेले आकडे सरकू लागले की वर्कशॉपवाला विमान जमिनीवर असतानाच मॅग्नेटोचं झाकण उघडेल.